उन्हाळ्यात मेळघाटात फुलं असतात का? पायथा ते चिखलदरा, पायी

पायवाट | २८ एप्रिल, रात्री ९:४०

होळी झाली, पळस झडला की आपल्याकडची फुलं संपली, आता जूनपर्यंत कूलरसमोर पडून राहायचं, ही समजूत बाहेरच्यांचीच नाही, आपल्या अमरावती-अकोल्याच्या लोकांचीही आहे. चिखलदऱ्याला जायचं ते जुलैनंतर, धुकं आणि धबधबे पाहायला. एप्रिलअखेर पायी निघालो म्हटलं की लोक आधी कपाळाला हात लावतात आणि मग विचारतात, "तिथं आता हाय काय?"

काय आहे ते लिहितो.

परतवाड्याहून वर जायला डांबरी रस्ता आहेच. पण पायथ्याच्या गावांतून घाट चढणाऱ्या जुन्या पाऊलवाटा अजून मोडलेल्या नाहीत. गुराखी, तेंदूपत्तावाले, बाजाराला उतरणारे लोक त्या वापरतात. अशाच एका वाटेनं, गावातला माहीतगार माणूस सोबत घेऊन आणि वनरक्षकाला सांगून, उजाडल्यावर निघालो. ऊन तापायच्या आत वर. वाटेचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की पुढच्या महिन्यात तिथं वेफर्सची पाकिटं फुलतील.

सुरुवातीला सगळा साग. पानं नाहीत, सावली नाही, पायाखाली वाळलेल्या पानांचा असा कडकडाट की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. साग फुलतो पावसाळ्यात, त्यामुळे त्याच्याकडे पाहून उपयोग नाही. पाहायचं नाल्याच्या कडेनं. तिथं धायटीची शेवटची लाल फुलं होती. जवळून पाहिलं तर पाकळ्या जवळपास नाहीतच. लाल दिसते ती बाहेरची नळी, आणि तिच्या तोंडातून पुंकेसर बाहेर आलेले. सोबतच्या भाऊंनी चार तोडून देठाकडून चोखली, मलाही दिली. गोड, पण थेंबभरच. पळसाला तोवर चपट्या शेंगा लागलेल्या. कुडा मात्र ऐन भरात, कोवळी पानं आणि पांढरे घोस एकदमच.

पुढे मुरमाड उतार लागतो. गवताची काडी नाही, दगड सकाळीच तापायला लागलेले. अशा ठिकाणी जमिनीतून सरळ वर आलेला गुडघाभर उंच दांडा दिसला. पान एकही नाही. दांड्यावर मिटलेली फुलं, बाहेरून तपकिरी-हिरवट रेघा. मग नजर बसली आणि सगळ्या उतारावर तेच दांडे दिसायला लागले. रानकांदा. पानं येणार पाऊस पडल्यावर, फूल आत्ता, या भट्टीत.

मध्यावर सोनसावर, आमच्याकडे काही जण गणेर म्हणतात. फुलं बहुतेक गळून गेलेली, एका फांदीच्या टोकाला एकच पिवळंधमक उरलेलं. मोह खाली पार संपला होता, वर अजून पडत होता. बहावा नुकता सुरू. घोसाचा वरचा भाग उमललेला, खालच्या टोकाला हिरव्या गोल कळ्या, आणि शेजारच्याच फांदीवर मागच्या वर्षीच्या काळ्या, हातभर लांब शेंगा. पाऊलवाटेवर मेडशिंगीची पांढरी फुलं पडली होती, रात्री उमलून सकाळी टाकलेली. अगदी वर, जिथं हवा जरा बरी लागते, तिथं हिरडा, जांभूळ, आणि हिरव्या फळांनी लगडलेली करवंदाची जाळी. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे, त्यामुळे एकाच सकाळी तुम्ही खाली संपलेला आणि वर चालू असलेला असे दोन हंगाम पाहू शकता.

पठार भरून गालिचे पसरलेत असलं काही इथं मिळणार नाही. आपल्याकडचा उन्हाळा फुलतो तो डोक्याच्या वर. मान वर करून चालावं लागतं, आणि मध्ये मध्ये ठेचकाळावं लागतं.

एक झाड ओळखू आलं नाही. मध्यम उंचीचं, पानं तुरळक. खाली बारीक, पिवळट-तपकिरी फुलं पडलेली, त्यांना अजून गोडसर वास. झाडावर जुनी फळं लटकलेली, लाकडासारखी कठीण, दोन फाकांत उघडलेली. कोणी सांगेल का?

---

वऱ्हाडी_पोट्टा | २८ एप्रिल, रात्री ९:५८

भाऊ, ४५ च्या उन्हात तुम्ही फुलं पाहाले जाऊन रायले आन् आमची बायको म्हंते दुकानातून दही आणा त मी नाही म्हंतो. सलाम हाय.

फोटो कुठी हायत?

---

पायवाट | २८ एप्रिल, रात्री १०:०५

फोटो चढवतोय, गावाकडचं नेट आहे, सकाळपर्यंत चढतील. दही आणा.

---

तिरकस | २८ एप्रिल, रात्री ११:२०

लेख छान. पण शंका अशी की शीर्षकात "फुलं" म्हणायचं आणि यादी झाडांची द्यायची, ही थोडी पळवाट नाही का? बहावा, मोह, जांभूळ ही काय रानफुलं झाली? रानफुलं म्हणजे जमिनीवरची, लहान, हंगामी. त्या हिशेबात तुमच्या हाती रानकांदा एकटाच लागतो. मग लोकांची समजूत बरोबरच की, उन्हाळ्यात काही नसतं.

---

बॉटनीवाली_बाई | २९ एप्रिल, सकाळी ७:१५

आधी कोडं. तो मोखा. फळं लाकडी, वर निमुळती, दोन फाकांत उघडणारी, हे वर्णन पुरेसं आहे. बहर फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे तुम्हाला शेपूट सापडलं. वासाचा जोर संध्याकाळी आणि रात्री असतो, कारण त्याची गिऱ्हाइकं म्हणजे रात्रीचे पतंग. पुढच्या वेळी त्याच जागी अंधार पडताना उभे राहून बघा. सोबत कोणीतरी असू द्या.

आता तिरकस यांच्या शंकेविषयी. मी वर्गात वर्षानुवर्षं हेच शिकवलं, त्यामुळे उत्तर लांब होईल.

लहान हंगामी झाडं उन्हाळ्यात नसतात हे खरंच आहे, पण ती का नसतात ते पाहिलं की मोठी झाडं का फुलतात तेही कळतं. आपलं जंगल पानगळीचं. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो. मार्च उजाडेपर्यंत मातीचा वरचा थर कोरडा ठाक. ज्यांची मुळं वीतभर, त्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरातच फुलून, बी टाकून कारभार आटोपलेला असतो. तेरडा, सोनकी, कावळा हे सगळे आत्ता तिथंच आहेत, बियांच्या रूपात तुमच्या बुटाखाली.

उरतात दोन प्रकारचे. एक, ज्यांनी पाण्याची आणि अन्नाची बेगमी जमिनीत केलेली आहे, म्हणजे कांदे आणि कंद. रानकांद्याला पान नसतं ते याचसाठी. पान म्हणजे पाण्याची गळती. फूल उमलवण्यापुरतं कांद्यात आहे, पानं पोसण्यापुरतं नाही. दुसरे, ज्यांची मुळं खोल गेलेली आहेत. झाडानं पानं टाकली की पानांतून उडणारं पाणी थांबतं, खोल मुळांचं पाणी खोडात पुन्हा भरायला लागतं, आणि त्या जोरावर कळ्या सुटतात, पावसाचा एक थेंब न पडता. म्हणून पानगळ आणि बहर हे पाठोपाठ येतात. पळस, काटेसावर, पांगारा, सोनसावर यांचं गणित हेच.

पानं नसण्याचा आणखी एक फायदा. फूल लांबून दिसतं. पळसावर येणारे शिंजीर, साळुंक्या, कोतवाल, मोहावर येणारी वटवाघळं, सगळ्यांना फांदी मोकळी मिळते.

आणि मग बी. पळसाच्या चपट्या शेंगेत एकच बी असतं, ते टोकाला. शेंग मे महिन्याच्या वावटळीत उडते आणि पाऊस येण्याआधी नव्या जागी पडलेली असते. सावरीचा कापूस उडतो तोही याच दिवसांत. मोहाचं फळ जून-जुलैत पिकतं आणि बी ओल्या मातीवर पडतं. हे बी फार दिवस टिकत नाही, लगेच रुजावं लागतं. म्हणजे एप्रिलचं फूल हे जुलैच्या पावसाचं आगाऊ रिझर्व्हेशन.

बहावा मात्र यात बसत नाही. त्याची शेंग पिकायला जवळजवळ वर्ष घेते, म्हणून पायवाट यांना यंदाचं फूल आणि गेल्या वर्षीची शेंग एकाच झाडावर दिसली. त्याचं बी वारा नेत नाही. शेंगेतला काळा गोड गर खाणारी अस्वलं, कोल्हे, माकडं ते पसरवतात.

तेव्हा रानफूल म्हणजे गुडघ्याच्या खालचं ही व्याख्या पठारावरच्या लोकांची आहे. सातपुड्याला ती लावू नये.

---

तिरकस | २९ एप्रिल, सकाळी ८:०२

पटलं. बहुतांशी. गुडघ्याखालचं आणखी काहीतरी द्या, मग पूर्ण पटेल.

---

आकोटकर | २९ एप्रिल, सकाळी ९:३०

गुडघ्याखालचं देतो. भुईरिंगणी. जमिनीला चिकटून पसरलेली, पानांना दोन्ही बाजूंनी पिवळे काटे, आणि जांभळं फूल, मधोमध पिवळे पुंकेसर. नरनाळ्याच्या पायथ्याशी शहानूरकडे जाताना शेताच्या बांधावर, बैलगाडीच्या चाकोरीत, सगळीकडे. बाकी सगळं करपलेलं असतं तेव्हा हिच्याच पानात हिरवेपणा उरतो. अनवाणी चालणाऱ्याला तिची ओळख करून द्यावी लागत नाही.

गुडघ्याच्या जरा वर म्हणाल तर वाघाटीची वेल. पांढरं फूल, लांब लांब पुंकेसर, आणि एक-दोन दिवसांत तेच पुंकेसर गुलाबी-जांभळे होतात. एकाच वेलीवर ताजी पांढरी आणि शिळी रंगलेली फुलं शेजारी शेजारी. आषाढीला बारस सोडताना जे वाघाटं आपण ताटात घेतो ते हिचंच फळ. आमच्याकडे त्या दिवशी बाजारात काय भाव चढतो ते विचारू नका.

---

वऱ्हाडी_पोट्टा | २९ एप्रिल, सकाळी ९:५१

एक सांगा, कुड्याचं. आमच्या इकडं म्हातारे दोन कुडे सांगतात, पांढरा आन् काळा. मले त दोन्ही सारखेच दिसते. फूल पांढरंच, चीक पांढराच. उगीच दोन काऊन केले?

---

बॉटनीवाली_बाई | २९ एप्रिल, दुपारी १२:४०

म्हातारे बरोबर सांगतात. ती दोन वेगळी झाडं आहेत, जातच नाही, प्रजातीही वेगळी.

शेंगा पाहा. दोन्हींना शेंगा जोडीनं लागतात. पण काळ्या कुड्याच्या जोडीची टोकं खाली एकमेकांना चिकटलेली असतात, पिकून सुकल्यावर सुटतात. पांढऱ्या कुड्याच्या दोन शेंगा पहिल्यापासून सुट्या लोंबतात. फूल हातात घेतलंत तर काळ्या कुड्याच्या फुलाच्या मध्यभागी पांढऱ्या धाग्यांची झालर दिसेल. पांढऱ्या कुड्याचा मध्य मोकळा, झालर नाही.

आव-हगवणीवर जी साल वापरतात, कुटजारिष्टात जी जाते, ती पांढऱ्या कुड्याची. काळ्या कुड्याचं लाकूड पांढरं, मऊ, खेळणी कोरायला चांगलं. म्हणून फरक कळणं नुसतं परीक्षेपुरतं नाही.

---

वऱ्हाडी_पोट्टा | २९ एप्रिल, दुपारी १:०५

ताई, झालर पाह्यतो संध्याकाळी. वावराच्या धुऱ्यावर एक हाय.

---

सिपनाकाठ | २९ एप्रिल, रात्री ८:१०

मी धारणी तालुक्यातला, कोरकू. धागा वाचला, मोहाचं थोडंच आलंय म्हणून लिहितो.

तुमच्यासाठी मोह फूल आहे, आमच्या घरी तो मार्च-एप्रिलचा पगार. पहाटे पडायला लागतो आणि ऊन वर येईपर्यंत पडत राहतो. झाडाखाली उभं राहिलं तर टप टप आवाज येतो, मोठं झाड असेल तर थांबतच नाही. जे पडतं ते अख्खं फूल नाही. पडतो तो आतला पाकळ्यांचा रसरशीत, फिकट पिवळा भाग, आत पुंकेसरांची रांग चिकटलेली. बाहेरचं तपकिरी मखमली आवरण आणि मधली काडी झाडावरच राहते, पुढे तिथंच फळ धरतं. म्हणून पडलेला मोह वेचल्यानं फळाचं नुकसान होत नाही. फांदी हलवून पाडणाऱ्याला आमची आजी शिव्या देते.

वेचलेला मोह अंगणात पसरतो. चार-पाच दिवसांत पिवळ्याचा तांबूस-तपकिरी होतो आणि मनुकेएवढा आकसतो. दारूचं सगळ्यांना माहीत असतं. पण भाजून, तिळासोबत कुटून लाडू, पिठात घालून भाकर, हे घराघरांत होतं.

आता न आवडणारी गोष्ट. मोह पानांत पडला तर दिसत नाही, म्हणून काही लोक झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. आग झाडाखालीच थांबली तर ठीक. थांबत नाही. वारा सुटला की नाला ओलांडून डोंगरावर जाते. आमच्या गावाजवळ एक अख्खा उतार असाच गेला. पायवाटदादांनी ज्या रानकांद्याचं लिहिलंय तसे दांडे तिथं होते, यंदा फक्त राख.

आमच्याकडे बऱ्याच बायका आता झाडून काढतात, नाहीतर जुन्या साड्या, हिरवी नेट अंथरतात. वेळ जास्त लागतो, पण मोह स्वच्छ मिळतो, माती लागत नाही, व्यापारी भावही बरा देतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतात, त्यात जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे, काढतात, गावातली पोरं फायर वॉचर म्हणून रोजावर असतात. मीपण केलंय ते काम. आग विझवायला हातात काय असतं, तर हिरवी फांदी. आता काही ठिकाणी पाला उडवायचे ब्लोअर आलेत.

---

पायवाट | २९ एप्रिल, रात्री ८:३३

दादा, मनापासून आभार. व्यापारी भाव जास्त देतो हे कारण सगळ्यांत जास्त चालेल असं वाटतं. जंगल वाचवा म्हणून सांगून लोक ऐकत नाहीत.

---

गडचिरोलीचा_मास्तर | २९ एप्रिल, रात्री १०:१५

पूर्व विदर्भाची हजेरी लावतो. आमच्याकडे डोंगर तुमच्याएवढे उंच नाहीत, पण जंगल दाट आणि ओलसर, त्यामुळे वेली भारी. पळसवेल नावाची वेल पळसासारखीच केशरी फुलते, पण मोठमोठ्या झाडांवर चढून. लांबून पाहणाऱ्याला वाटतं सागाला पळसाची फुलं आलीत. दुसरी माहुल. पान दोन दळांचं, तळहाताहून मोठं, त्याच्या पत्रावळी होतात. तिची फुलं याच दिवसांत, पांढरी, जुनी होताना पिवळट पडतात, आणि शेंग वाळली की फट्ट आवाज करून फुटते. दुपारच्या शांततेत दचकायला होतं.

पिवळा पळसही आहे तुरळक. त्याचं झाड कुठं आहे हे कोणी विचारू नये. गुप्तधनाच्या नादी लागलेल्यांनी साल खरवडून झाडं मारलेली पाहिली आहेत.

मोहाबद्दल एक भर. मोहफूल गोळा करणं, साठवणं, नेणं यावरचे जुने निर्बंध राज्य सरकारनं २०२१ साली उठवले. त्याआधी घरात पोतंभर सुका मोह ठेवला तरी धाक असायचा. आणि जिथं सामूहिक वनहक्क मिळालाय, आमच्या मेंढा-लेखा गावाला तो २००९ सालीच मिळाला, तिथं आगीवर गावाचं लक्ष जास्त असतं. आपलं म्हटलं की माणूस राखतो.

---

पुणेकरीण | ३० एप्रिल, सकाळी ६:५०

सुंदर धागा! मी मूळची मोर्शीची, लग्नानंतर पुण्यात. मे महिन्यात माहेरी येतेय, सोबत नऊ आणि बारा वर्षांची मुलं. त्यांना अशी वाट दाखवता येईल का? परवानगी कुठे काढायची? आणि उन्हाचं काय?

---

आकोटकर | ३० एप्रिल, सकाळी ९:२०

ताई, मुलांना घेऊन अनोळखी पाऊलवाटेनं घाट चढू नका. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात पायी हिंडायला मनाईच आहे, आणि हद्द कुठं संपते ते नवख्याला कळत नाही. त्यापेक्षा गाडीनं चिखलदऱ्याला जा आणि सकाळी गाविलगड किल्ला पायी करा. तिकीट तिथंच मिळतं. वाट मोकळी आहे, शार्दूल दरवाजावरचं शिल्प मुलांना आवडेल, आणि आत किल्ल्यात फुलझाडं भरपूर. १८०३ साली इंग्रजांनी हा किल्ला घेतला त्या लढाईची गोष्टही सांगता येईल, बारा वर्षांच्याला तीच जास्त आवडेल.

उन्हाचं म्हणाल तर सहाला सुरुवात, दहाच्या आत सावलीत. माणशी किमान दोन-तीन लिटर पाणी. वाटेत झरा मिळेल या भरवशावर राहू नका, एप्रिल-मेमध्ये नाले कोरडेच. डोक्याला पांढरा दुपट्टा, खिशात कांदा ठेवायची आमच्या आजोबांची पद्धत ऐच्छिक. फुलपँट घाला, सुक्या गवतात गोचीड असतात.

---

सिपनाकाठ | ३० एप्रिल, सकाळी ९:४५

आणि अंधारात मोहाच्या झाडाखाली जाऊ नका. अस्वल तिथं तुमच्याआधी आलेलं असतं. डोकं खाली घालून खात असतं, त्याला माणूस जवळ येईपर्यंत कळत नाही आणि मग ते दचकून अंगावर येतं. आमच्याकडे वेचायला जाणारे घोळक्यानं, बोलत, खाकरत जातात ते यासाठी.

---

लोणारकाठ | ३० एप्रिल, दुपारी ४:१०

डोंगर नाही पण उतार आमच्याकडेही आहे. लोणारच्या विवराच्या काठावरून सरोवराकडे उतरणारी वाट. तिथं आत्ता मेडशिंगी आणि रुई चालू. खाली उतरावं तसं हिरवं वाढत जातं, तुमच्या घाटाच्या बरोबर उलट.

---

हौशी_माळी | १ मे, सकाळी १०:३०

मागच्या वर्षी मीही असाच रानकांदा पाहिला होता, फार आवडला. यंदा दोन-तीन कांदे काढून आणून गच्चीतल्या कुंडीत लावावेत म्हणतोय. किती खोल खणावं लागतं? आणि कुंडीत माती कोणती?

---

बॉटनीवाली_बाई | १ मे, सकाळी ११:१०

खणूच नका. राखीव जंगलातून काहीही खणून आणणं गुन्हा आहे, आणि त्या कांद्यात हृदयावर परिणाम करणारं विष असतं. घरात लहान मुलं असतील, कोणी साधा कांदा समजून चिरला तर दवाखान्यात धावावं लागेल. गच्चीसाठी रोपवाटिकेतून लिली आणा, तीही पहिल्या पावसात झकास फुलते.

---

हौशी_माळी | १ मे, सकाळी ११:२५

विषाचं माहीत नव्हतं. लिली आणतो.

---

तिरकस | १ मे, दुपारी २:००

मग रायमुनियाबद्दल कोणीच का बोलत नाही? उन्हाळ्यात जंगलात सगळ्यांत जास्त फुललेलं झुडूप तेच. पिवळी-गुलाबी फुलं, वर फुलपाखरं. यादीत का नाही?

---

पायवाट | २ मे, सकाळी ७:४०

मुद्दाम टाळलं होतं, पण विचारलंत तर लिहितो. रायमुनिया म्हणजे घाणेरी, मूळची अमेरिका खंडातली, इंग्रजांनी बागेची शोभा म्हणून आणलेली. वाटेवर काही ठिकाणी दोन्ही बाजूंनी तिचीच भिंत आहे आणि आत हात घातला तर खाली दुसरं काही उगवलेलं नाही. गुरं खात नाहीत, हरणं खात नाहीत. आग लागली तर धडाडून पेटते आणि पावसात पहिली तीच फुटते.

फूल सुंदर आहे हे मान्य. गुच्छाच्या मधली ताजी फुलं पिवळी, कडेची जुनी गुलाबी. फुलपाखरं पिवळ्यावरच बसतात, कारण मध तिथं असतो. पोरांना दाखवायला चांगलं आहे. पण वनखात्याची माणसं ती मुळासकट उपटत होती तेव्हा मला वाईट वाटलं नाही.

गिरिपुष्पाचंही तसंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याकडेनं गुलाबी दिसतं ना, ते लावलेलं, बाहेरचं. गुलमोहर मादागास्करचा. लोक त्यालाच उन्हाळ्याचं झाड समजतात आणि अंगणातला बहावा शेंगांचा कचरा होतो म्हणून तोडतात.

---

वऱ्हाडी_पोट्टा | २ मे, रात्री ९:००

झालर पाह्यली! धुऱ्यावरचा काळा निंघाला. शेंगाही टोकाले चिकटलेल्या. बापाले सांगतलं त म्हणे, "मंग म्या चाळीस वर्षांपासून काय सांगून रायलो?"

---

धुक्यातली_कॉफी | ३ मे, सकाळी ८:२०

चिखलदऱ्याची आहे म्हणून एक भर. मोहाच्या आणि आंब्याच्या जुन्या खोडांकडे पाहायला विसरू नका. फांदीच्या बेचक्यात रास्ना नावाचं ऑर्किड असतं. जाड पट्ट्यांची पानं, हवेत लोंबणारी मुळं. एरवी लक्षही जात नाही. मे महिन्यात फुलतं, पिवळट पाकळ्यांवर तपकिरी चौकटी आणि मध्ये जांभळी जीभ. झाडाच्या अंगावर राहतं, पण त्याचा रस शोषत नाही, आधारापुरतंच असतं. लोक बांडगूळ समजून कोयत्यानं उतरवतात.

---

पुणेकरीण | ३ मे, दुपारी १२:१५

आम्ही २३ मेला येतोय. तोवर काय उरलेलं असेल?

---

पायवाट | ३ मे, रात्री ८:५०

ताई, बहावा तेव्हा खाली ऐन भरात असेल, मोर्शीहून येताना रस्त्यावरच दिसेल. कुडा चालू असेल. मेडशिंगी असेल, पण सकाळी लवकर, झाडाखाली. वर करवंदं पिकायला लागलेली असतील, मुलांचे कपडे डागाळतील ते सोडून द्या. मोह, मोखा, सोनसावर संपलेले. एखादा वळवाचा पाऊस आधी पडून गेला तर वेगळीच मजा, ते आत्ता सांगता येत नाही.

रानकांदा दिसला तर संध्याकाळी पाहा. सकाळी मला सगळी फुलं मिटलेलीच मिळाली होती, ती दिवस कलल्यावर उमलतात.

---

वऱ्हाडी_पोट्टा | ३ मे, रात्री ९:१०

पायवाटभाऊ, या शनिवारी मीबी येतो. बापही म्हंतो येतो. उतरल्यावर परतवाड्यात गिला वडा कोणाकडचा खायचा ते आत्ताच ठरवा, नाहीतर तिथं भांडणं होतील.

---

आकोटकर | ३ मे, रात्री ९:१४

गिला वडा खायचा तर अमरावतीला. परतवाड्यात कचोरी खा.

---

वऱ्हाडी_पोट्टा | ३ मे, रात्री ९:१६

झालं सुरू.